सात रात्री, आठ दिवस श्रीलंका: पॅकेज घ्या, पण वेळापत्रक आधी दुरुस्त करून घ्या

मुंबई-पुण्यातल्या सहल कंपन्या आणि कोलंबोतले एजंट श्रीलंकेचं जे ‘सात रात्री, आठ दिवस’ पॅकेज विकतात, ते थोड्याफार फरकानं सगळीकडे सारखंच असतं. कोलंबोजवळच्या कातुनायके विमानतळावर उतरायचं, वाटेत पिन्नवलाचे हत्ती, मग सिगिरिया आणि दंबुल्ला, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, यालाची सफारी, गॉलचा किल्ला आणि शेवटी कोलंबोत खरेदी. गाडी, ड्रायव्हर, हॉटेल, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण त्यात धरलेलं असतं.

मार्ग मुळात उत्तम आहे. महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या बेटावर दीड हजार वर्षांपूर्वीचा राजवाडा, दोन हजार मीटर उंचीवरचं पठार, बिबट्यांचं जंगल आणि डचांची तटबंदी एका फेरीत बघायला मिळते. तरीही एकाच पॅकेजमधून एक कुटुंब तृप्त होऊन परततं आणि दुसरं ‘सगळा वेळ गाडीतच गेला’ म्हणतं. कोणत्या दारावर किती वाजता पोचलात, यावर या सहलीचं सगळं गणित आहे. छापील कार्यक्रमात नेमकी तीच गोष्ट लिहिलेली नसते.

आधी अंतरं बघा. विमानतळापासून सिगिरिया दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याला चार तास लागतात. सिगिरिया ते कँडी नव्वद किलोमीटर, अडीच-तीन तास. कँडी ते नुवारा एलिया पाऊणशे किलोमीटर, पण घाट असल्यामुळे पुन्हा तितकेच तास. दक्षिणेचा द्रुतगती मार्ग सोडला, तर ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरचाच हिशेब धरावा. म्हणून ज्या दिवशी कार्यक्रमात तीन ठिकाणं आणि एक मुक्काम बदलणं असेल, त्या दिवशी तिसरं ठिकाण गाडीच्या काचेतून दिसणार हे समजून चालावं. विमान सकाळी उतरत असेल, तर पहिल्या दिवशी थेट सिगिरिया गाठा आणि तिथे दोन रात्री मागून घ्या. ही एवढी दुरुस्ती केली तरी सहल निम्मी सुधारते.

ऋतूचा विचार आपल्या सुट्ट्यांप्रमाणे करायला हवा. या बेटाला दोन मोसमी पाऊस मिळतात: मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, तो गॉल, कोलंबो आणि डोंगराच्या पश्चिम उतारावर, डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तो पूर्व किनारा आणि सिगिरिया-पोलोन्नारुवाच्या बाजूला. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर जवळपास सगळीकडे गडगडाटी सरी येतात. म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी बरोबर या सरींत सापडते; तेव्हा चढायचं-फिरायचं सगळं दुपारी एकच्या आत उरकावं. मेची सुट्टी पहिल्या पंधरवड्यातच घेतलेली बरी. सगळ्या मार्गाला मानवणारा काळ म्हणजे फेब्रुवारी-मार्च. डोंगराकडे निघण्यापूर्वी रस्ते आणि रेल्वे कुठवर चालू आहेत, हेही विचारून घ्यावं. नोव्हेंबर २०२५ मध्ये दितवा चक्रीवादळाच्या पावसानं तिथल्या डोंगरी जिल्ह्यांत दरडी कोसळून मोठी हानी झाली होती.

आता सिगिरिया. या पॅकेजची किंमत एकट्या या खडकानं वसूल होते, आणि सगळ्यात जास्त नासाडीही याचीच होते. पाचव्या शतकात (४७७ ते ४९५) राजा कश्यपानं सपाट रानातून सरळ उठलेल्या, सुमारे १८० मीटर उंच कातळाच्या माथ्यावर राजवाडा बांधला. पायऱ्या साधारण बाराशे. पण त्या एका दमात चढायच्या नसतात, चढ टप्प्याटप्प्यानं येतो. आधी सपाटीवरच्या जलवाटिका. इथली कारंजी पावसाळ्यात अजूनही उडतात. मग मोठमोठ्या शिळांमधून दगडी पायऱ्या, मग खडकाच्या कुशीतली अप्सरांची भित्तिचित्रं, तिथे लोखंडी गोल जिन्यानं वर जायचं आणि फोटो काढायचा नाही. त्याच्या खालीच आरसा-भिंत. एके काळी तिच्या गिलाव्यात माणसाचं प्रतिबिंब दिसे म्हणतात. सहाव्या शतकापासून पुढे आलेल्या प्रवाशांनी त्या अप्सरांवरच्या कविता या भिंतीवर कोरल्या. पुरातत्त्वज्ञ सेनारत परणवितान यांनी त्यांतल्या ६८५ वाचून १९५६ साली प्रसिद्ध केल्या. सकाळचं तिरपं ऊन भिंतीजवळून गेलं की खडूच्या रेघेपेक्षाही बारीक अक्षरं उठून दिसतात. गाइड बहुतेक वेळा इथे थांबत नाहीत. तुम्ही त्यांना थांबवा. पुढे सिंहाचे दोन प्रचंड पंजे, आणि त्यांच्यामधून कातळाला ठोकलेला शेवटचा लोखंडी जिना.

अडतं ते याच जिन्यांवर. वाट एकेरी आहे आणि साडेनऊ-दहाच्या सुमाराला बसचे गट एकदम येतात. मग उन्हात, कठड्याला धरून, एका पायरीवर पाच-पाच मिनिटं उभं राहावं लागतं. पिन्नवला करून दुपारी दोनला सिगिरियाला आणणारं पॅकेज तर नकोच. त्या वेळी कातळ तापलेला असतो आणि लोखंडाला हात लावता येत नाही. दार उघडता उघडता आत जावं, चढ-उतार मिळून तीन तास ठेवावेत, माणशी एक लिटर पाणी खालूनच न्यावं. खाण्याची पिशवी हातात लोंबती ठेवू नये, माकडं ओढून नेतात. खडकाला आग्या मोहोळाची पोळी असतात आणि शांतता राखा असे फलक लावलेले आहेत, ते मनावर घ्यावेत; माश्या उठल्या तर वाट बंद करतात. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी पंजांपर्यंत जाऊन तिथेच थांबलं तरी चालतं. मुख्य शिल्प आणि चित्रं तोवर बघून झालेली असतात.

सिगिरियाचं तिकीट महाग आहे, पण सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचा दर मिळतो. त्यासाठी मूळ पासपोर्ट खिडकीवर दाखवावा लागतो. हॉटेलच्या तिजोरीत ठेवून आलात तर परदेशी दर भरावा लागेल. पॅकेजमध्ये ‘प्रवेशशुल्कासह’ लिहिलं असेल, तर हिशेब कोणत्या दरानं धरलाय ते आधी विचारा. पूर्ण परदेशी दर लावून सवलतीचा फरक खिशात घालणारे एजंट आहेत.

दंबुल्ल्याच्या पाच गुहांना दीड तास पुरतो. दीडशेच्या वर बुद्धमूर्ती आणि छतभर रंगवलेली चित्रं. खडकाच्या उंचसखलपणावरूनच ती काढल्यामुळे कापडी तंबू ताणल्यासारखं छत दिसतं. तिकीट खालूनच काढून चढा, नाहीतर वरून परत पाठवतात. चपला बाहेर ठेवायच्या असल्यामुळे दुपारी फरसबंदी पायांना भाजते, मोजे जवळ ठेवावेत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे गंभीर अपमान मानला जातो, आणि अंगावर बुद्धाचं गोंदण असेल तर ते झाकूनच फिरावं. २०१४ मध्ये एका ब्रिटिश पर्यटक महिलेला त्यावरून देशाबाहेर पाठवलं होतं.

सिगिरियाला दुसरी रात्र मिळाली तर पोलोन्नारुवा की अनुराधपुर, या जुन्या राजधान्यांतली कोणती बघायची, हा प्रश्न येतो. शिल्पं बघायची असतील तर पोलोन्नारुवा. तिथल्या गल विहारात एकाच कातळात कोरलेल्या चार मूर्ती आहेत, त्यांतला पहुडलेला बुद्ध सुमारे चौदा मीटर लांब. त्याच्या डोक्याखालच्या उशीकडे नीट बघा, मस्तकाच्या भारानं ती दबल्याचा खळगा दगडात दाखवलाय. चोळांच्या काळातलं शिवमंदिरही याच आवारात आहे. पण महाराष्ट्रातून जाणाऱ्या बौद्ध कुटुंबांसाठी अनुराधपुर वगळणारं पॅकेज अपुरंच म्हणावं लागेल. बोधगयेच्या वृक्षाची संघमित्रेनं आणलेली फांदी जिथे लावली, तो श्री महाबोधी तिथे आहे, आणि रुवनवेलीसायचा शुभ्र स्तूपही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी याच देशात गेले होते. सिगिरियाहून पहाटे निघालं तर अनुराधपुर एका दिवसात होतं.

हत्तींबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पिन्नवलाचं अनाथालय १९७५ साली सुरू झालं. नदीत उतरणारा कळप फोटोत सुंदर दिसतो. पण साखळ्या, अंकुश आणि पैसे घेऊन हत्तीजवळ उभं करणं हेही तिथे दिसतं. लहान मुलांना हत्ती दाखवायचे असतील, तर उडवलवेचं हत्ती संगोपन केंद्र कितीतरी बरं. ते १९९५ पासून चालतं. अनाथ पिल्लांना वाढवून परत रानात सोडायचं हाच त्याचा हेतू असल्यामुळे हात लावू देत नाहीत. दर तीन तासांनी दूध पाजतात, तेवढाच वेळ बांधलेल्या सज्जावरून बघायचं. फाटक उघडलं की पिल्लं कान फडफडवत धावत येतात, नरसाळ्याला लावलेल्या नळीतून आपला वाटा पितात, आणि आणखी हवं म्हणून अडून बसणाऱ्याला माणूस ढकलत पुढे काढतो. शेजारच्या उडवलवे राष्ट्रीय उद्यानात वर्षभर रानहत्ती दिसतात. एल्लाहून यालाला जाताना थोडा वळसा घेऊन हे दोन्ही होतं, एजंटला फक्त सांगावं लागतं.

दुसरी जागा सिगिरियाजवळचं मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यान. तिथल्या कोरड्या हंगामात तलाव आटतो, काठाला कोवळं गवत येतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात शेकडो हत्ती तिथे जमतात. मात्र मोरगहकंद धरणाचं पाणी सोडलं की तलाव ऐन हंगामात भरलेला राहतो, गवत उघडं पडत नाही आणि कळप शेजारच्या कौडुल्ला उद्यानाकडे सरकतात. त्यामुळे ‘मिन्नेरिया सफारी’ असं पक्कं लिहून घेऊ नका. ‘मिन्नेरिया, कौडुल्ला किंवा हुरुलू, त्या आठवड्यात जिथे हत्ती असतील तिथे’ असं लिहून घ्या. जीपवाल्यांना दुपारी तीनला बरोबर माहीत असतं कुठे जायचं ते.

कँडीत बुद्धाचा दात जपून ठेवलेल्या दंतधातू मंदिराची संध्याकाळची पूजा साडेसहाला असते. ढोल सुरू झाले की वरच्या मजल्यावर रांग सरकते आणि सुवर्णमंजुषा क्षणभर दिसते. दात दिसत नाही, ही कल्पना आधीच असावी. सहाला रांगेत असावं. जुलै-ऑगस्टमधल्या एसला पेराहेराच्या, म्हणजे या मंदिराच्या मिरवणुकीच्या, दहा दिवसांत हॉटेलांचे दर अनेक पटींनी चढतात आणि रस्ते बंद होतात. मिरवणूक बघायची असेल तरच त्या तारखा घ्या. पेरादेनियाच्या वनस्पती उद्यानाला पॅकेज पाऊण तास देतं, तो दोन तास करून घ्या. ताडवृक्षांची रांग, फांद्यांनी मैदान झाकणारा जावा वड आणि झाडांवर दिवसाढवळ्या लटकलेली वटवाघळं, एवढं तरी निवांत बघायला हवं.

आता रेल्वे. पॅकेजच्या जाहिरातीत निळ्या गाडीचा फोटो असतोच, पण आत नुसतं ‘निसर्गरम्य रेल्वेप्रवास’ लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात दोन-तीन स्टेशनांचा तुकडा मिळतो. त्यामुळे तीन गोष्टी लेखी घ्या: कोणत्या स्टेशनपासून कोणत्या स्टेशनपर्यंत, कोणता वर्ग, आणि आसन आरक्षित आहे का. कँडी ते एल्ला सहा-सात तास लागतात आणि गाडीला उशीर ठरलेला. लहान मुलं, वयस्कर माणसं असतील तर ते जड जातं. नानुओया (नुवारा एलियाजवळचं स्टेशन) ते एल्ला हा अडीच-तीन तासांचा टप्पा सगळ्यात सरस. त्यात पट्टिपोला हे १,८९८ मीटरवरचं, देशातलं सर्वांत उंच स्टेशन येतं, आणि पुढे हपुतळेजवळ डोंगराची धार दोन्ही बाजूंनी खाली उतरते. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्याची खिडकी उघडत नाही आणि काचेत आपलंच तोंड दिसतं. दुसरा वर्ग आरक्षित घ्यावा. आरक्षण तीस दिवस आधी उघडतं आणि भराभर संपतं, म्हणून पॅकेज त्याच्या आधी पक्कं झालेलं हवं. सामान ड्रायव्हरबरोबर गाडीतून पुढे जातं. औषधं, पाणी आणि स्वेटर तेवढा जवळ ठेवा. दारात लोंबकळून फोटो काढण्याचं वेड तिथे फार आहे. या मार्गावर चाळीसहून अधिक बोगदे आहेत, कातळ हातभर अंतरावरून जातो आणि अपघात होतात. मुलांना दाराशी जाऊ देऊ नका.

एक अडचण मराठी पर्यटकांना हमखास येते. सीता एलियाचं सीता अम्मन मंदिर नुवारा एलियाहून बदुल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, नानुओया स्टेशन बरोबर उलट्या दिशेला. रेल्वेनं एल्लाला गेलात तर मंदिर चुकतं. ते आदल्या संध्याकाळी करून घ्यायचं. हनुमानाचं रंबोड्याचं मंदिर मात्र कँडीहून येतानाच लागतं.

चहाचा कारखाना बघण्यासारखा असतो, पण रविवारी आणि पोयाला, म्हणजे पौर्णिमेला, बऱ्याच ठिकाणी यंत्रं बंद असतात. जेम्स टेलरनं १८६७ साली लूलकंदेऱ्याला लावलेल्या मळ्यापासून इथला चहाचा धंदा सुरू झाला. कॉफीवर तांबेरा पडल्यावर सगळे डोंगर चहाखाली आले. विकत घेताना एक ध्यानात ठेवा: नुवारा एलियाचा उंचावरचा चहा फिक्या रंगाचा, सुवासिक, बिनदुधाचा प्यायचा असतो. त्यात दूध-साखर घातली की चव मरते. घरच्या उकळून केलेल्या चहासाठी सखल भागातला, रुहुनाचा कडक चहा किंवा बारीक दाण्याचा, बीओपीएफ या प्रतीचा घ्यावा.

चालायची सवय असलेल्यांनी हॉर्टन प्लेन्सच्या पठारासाठी नुवारा एलियाला दुसरी रात्र मागावी. साडेनऊ किलोमीटरची फेरी आहे, तीन तास लागतात, आणि ‘वर्ल्ड्स एंड’च्या कड्यावरून सुमारे ८७० मीटर खोल दिसतं. नऊ-साडेनऊनंतर धुकं चढतं आणि पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही, म्हणून हॉटेलवरून पहाटे पाचला निघायचं आणि नाश्ता डब्यात बांधून मागायचा. दारावर प्लॅस्टिकची वेष्टनं काढून घेतात, डबा स्टीलचाच न्यावा.

याला राष्ट्रीय उद्यानाच्या ‘ब्लॉक एक’ या भागात बिबट्यांची दाटी जगात नावाजलेली आहे. वाघ-सिंह नसल्यामुळे बिबट्या इथे जंगलाचा राजा असतो आणि उघड्या कातळावर बिनधास्त पहुडतो. अडचण आहे ती जीपांच्या गर्दीची. फोनवर खबर लागली की वीस-पंचवीस जीप एकाच वळणावर घुसतात, आणि मागच्यांना फक्त धूळ मिळते. ताडोब्याला जाणाऱ्यांना चितळ-वानरांच्या इशाऱ्यांवर थांबायची सवय असते, इथेही तेच करायला लावा. ड्रायव्हरला सुरुवातीलाच सांगा: पाठलाग नको, पाणवठ्यावर इंजिन बंद करून थांबू. सहाला दार उघडतं, पावणेसहाला रांगेत हवं, म्हणजे मुक्काम उद्यानाजवळच्या तिस्समहारामालाच हवा; एल्लाहून पहाटे निघून हे जमत नाही. जीपच्या मागच्या रांगेत धक्के जास्त बसतात, पाठीचा त्रास असलेल्यांनी पुढची जागा घ्यावी. ब्लॉक एक साधारणपणे सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर बंद असतो. त्या काळात ‘याला’ म्हणून दुसराच भाग दाखवतात. त्यापेक्षा उडवलवे चांगलं. मे-जूनमध्ये पळू नावाच्या झाडाची फळं पिकली की अस्वल दिसण्याची शक्यता वाढते.

जेवणाचं सांगायचं तर शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. परिप्पु म्हणजे नारळाच्या दुधातली डाळ, कोवळ्या फणसाची पोलोस भाजी, लाल भात, आणि आपल्या शिरवळ्यांची सख्खी बहीण असलेले इंडिआप्पा. कोकणातल्या माणसाला हे ताट ओळखीचं वाटेल. आंबटपणाला वापरतात तो गोरकाही कोकमाच्याच कुळातला. सांभाळायचं ते पोळ सांबोळला. ओल्या खोबऱ्याची ही तांबडी चटणी दिसायला निव्वळ शाकाहारी, पण तिच्यात बऱ्याचदा उंबळकडाचा, म्हणजे सुकवलेल्या माशाचा, भुगा असतो. ‘मस एपा, मालु एपा, उंबळकड एपा’ असं सांगावं. एपा म्हणजे नको. ‘व्हेज’ म्हटलं तर मांस टाळतील, मासळीचा भुगा राहून जाईल. म्हशीचं दही आणि कितुल या माडाचा गोड पाक मात्र रोज खा.

वाटेतल्या ‘मोफत’ थांब्यांना वेळेत मोजा. मातलेच्या मसाल्याच्या बागा, रत्नांची दुकानं, बाटिक, लाकडी मुखवटे, सगळीकडे ड्रायव्हरला कमिशन असतं आणि प्रत्येक थांबा पाऊण-एक तास खातो. मसाल्याच्या बागेतली तेलं आणि चूर्णं बाजारापेक्षा कितीतरी महाग असतात. दोनहून जास्त थांबे नकोत, असं पहिल्याच दिवशी गोडीत सांगितलं तर ड्रायव्हर ऐकतात. त्यांच्या राहण्या-जेवणाचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय का, हेही विचारून घ्या; धरला नसेल तर ते पैसे याच थांब्यांमधून निघतात. नुसता ड्रायव्हर आणि परवानाधारक शोफर-गाइड (गाडी चालवून माहितीही सांगणारा) यांच्या दरात फरक असतो, आणि सिगिरिया-पोलोन्नारुवासाठी शोफर-गाइडच घेतलेला परवडतो. यूपीआय २०२४ पासून काही दुकानांत चालतं, पण तिकीट खिडकीसाठी रोख श्रीलंकन रुपये जवळ असू द्या.

शेवटची रात्र कोलंबोऐवजी गॉलला घ्या. कोलंबोत अर्धा दिवस गेला तरी पुरे. गॉलच्या जुन्या दरवाजातून आत गेल्यावर मागे वळून वर बघा: बाहेरच्या बाजूला ब्रिटिशांचं राजचिन्ह, आतल्या बाजूला डच ईस्ट इंडिया कंपनीची व्हीओसी अक्षरं, कोंबडा आणि १६६९ हे साल. तटावरून दीपगृहाकडे साडेपाचला चालायला लागलं की ऊन उतरतं, वारा सुटतो आणि क्रिकेटचं मैदान खाली दिसतं. डिसेंबर ते एप्रिलमध्ये इथून मिरिस्साला निळे देवमासे बघायला जाता येतं. बोट पहाटे सुटते, उलटीची गोळी अर्धा तास आधी घ्यावी. परतीचं विमान संध्याकाळचं किंवा रात्रीचं असेल, तर द्रुतगती मार्गानं गॉल ते विमानतळ अडीच-तीन तास धरून दुपारच्या जेवणानंतर आरामात निघता येतं.